ॲनफिल्डला सामना बघायला जायचंय? तिकिटं, गल्ल्या, कॉप आणि थोडी वादावादी

ठाणेकर_लाल

"ॲनफिल्डला मॅच बघायचीय, तिकीट कसं मिळतं?" ही विचारणा इथे आणि निरोपांत इतकी येते की एकदाच सगळं लिहून ठेवतो. ॲनफिल्ड म्हणजे लिव्हरपूल फुटबॉल क्लबचं मैदान. मी लिव्हरपूलला राहत नाही. २००५ साली युरोपियन कपच्या इस्तंबूलमधल्या अंतिम सामन्यात मध्यंतराला मिलानने ३-० केल्यावरही जे झोपायला गेले नाहीत त्यांच्यातला एक, एवढीच माझी पात्रता. कामानिमित्त इंग्लंडला जाणं होतं, त्यात ॲनफिल्ड साधून घेतो. जाणकारांनी भर घालावी. आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी, म्हणजे मँचेस्टर युनायटेडवाल्यांनीही घालावी (न सांगताही घालतीलच).

आधी तिकीट. आयत्या वेळी खिडकीवर जाऊन काढू, हे डोक्यातून काढून टाका. क्लबचं वार्षिक सभासदत्व घ्यायचं आणि मग सोडतीत नाव घालायचं. मोसमाच्या पहिल्या भागाची सोडत उन्हाळ्यात निघते, दुसऱ्या भागाची नंतर. म्हाडाचा अर्ज आपण ज्या आशेने भरतो त्याच आशेने भरायचा आणि विसरून जायचं. युनायटेड, एव्हर्टन (शहरातलाच दुसरा क्लब), आर्सेनल असल्या सामन्यांवर जीव लावू नका. त्यापेक्षा लीग कपच्या सुरुवातीच्या फेऱ्या बघा. त्या आठवड्याच्या मधल्या रात्री असतात, तिकीट स्वस्त असतं आणि मिळण्याची शक्यताही बरी. समोर कदाचित खालच्या विभागातला संघ असेल, आपल्याकडूनही दुसऱ्या फळीची पोरं खेळतील, पण मैदान तेच आणि गर्दी जास्त स्थानिक. मला तर त्या रात्री अधिक आवडतात.

हॉस्पिटॅलिटीचं तिकीट म्हणजे जेवणासकट आसन. कैक पट महाग, पण अधिकृत. इंटरनेटवर "हमखास तिकीट" विकणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं १९९४च्या कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय तिकीट आता फोनमधल्या पासवर येतं आणि फाटकाशी फोन टेकवून आत जायचं असतं. कुणी तिकिटाचा फोटो पाठवला तर तो फोटो म्हणूनच जपून ठेवायचा.

विमानाचं तिकीट काढायच्या आधी हे वाचा: जूनमध्ये वेळापत्रक येतं ते कच्चं समजा. टीव्हीसाठी शनिवारचा सामना रविवारी, कधी सोमवारी रात्री ढकलतात. मागेपुढे दोन दिवस मोकळे ठेवले नाहीत तर सामना सुरू होताना तुम्ही मुंबईच्या विमानात असाल.

आता मैदान. लंडनच्या यूस्टनहून लाइम स्ट्रीट स्टेशनला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. तिथून मैदान तीन-साडेतीन किलोमीटर. १७ नंबरची बस जाते, सामन्याच्या दिवशी ९१७ खास सुटते, किंवा मर्सीरेलने सँडहिल्सला उतरून तिथून बस. मी म्हणेन, जाताना चालत जा. चढ आहे, पण दम लागण्याइतका नाही. शहराचा मध्यभाग मागे पडतो आणि लाल विटांची, एकमेकांना खेटलेली दुमजली घरं सुरू होतात. अशा दोन रांगांच्या टोकाला अचानक स्टँडची भिंत उभी राहते. आपल्याला टीव्हीवर हिरवळ दिसते, ही वस्ती कधीच दिसत नाही. या ६१ हजारांच्या मैदानाला लागून लोकांची धुणी वाळत असतात.

त्या वस्तीची दुसरी बाजूही आहे. मेन स्टँड मोठा झाला (२०१६) त्याआधी क्लबने शेजारची घरं विकत घेऊन वर्षानुवर्षं रिकामी, खिडक्यांना फळ्या ठोकून ठेवली होती आणि रहिवाशांचा त्यावर राग होता. भक्तिभावाने जाणाऱ्यांनी एवढं माहीत करून जावं.

मैदानासमोर होमबेक्ड नावाची बेकरी आहे. जुनी बेकरी बंद पडल्यावर वस्तीतल्या लोकांनी सहकारी तत्त्वावर चालवायला घेतली. तिथला पाय (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) घ्या. रांग असते, पण रांगेतच निम्मी मॅच कळते: कोण जखमी, कोणाला बसवलंय, कोणाला विकायला हवं. फॅन्स सपोर्टिंग फूडबँक्सवाले सामन्याआधी डबाबंद अन्न गोळा करताना दिसतील. २०१५मध्ये लिव्हरपूल आणि एव्हर्टनच्या चाहत्यांनी मिळून सुरू केलेलं काम आहे. जाताना दुकानातून दोन डबे घेऊन जा, किंवा पैसे द्या.

कॉपच्या (गोलमागचा, सगळ्यात जास्त गाणारा स्टँड) बाहेर बिल शँक्लींचा पुतळा आहे, हात पसरलेला. १९५९ ते १९७४ हा माणूस इथे व्यवस्थापक होता. आला तेव्हा संघ दुसऱ्या विभागात होता. खाली कोरलंय की त्याने लोकांना आनंद दिला. व्यवस्थापकाच्या पुतळ्याखाली करंडकांची यादी नाही, हे मला फार आवडतं.

मेन स्टँडच्या बाजूला हिल्सबरोचं स्मारक. १५ एप्रिल १९८९, शेफील्ड, एफए कपची उपांत्य फेरी. पोलिसांनी बाहेरचं फाटक उघडलं, आधीच भरलेल्या कठड्यांच्या कोंडवाड्यात आणखी लोक लोटले गेले आणि ९७ माणसं गेली. सत्त्याण्णवावा माणूस २०२१मध्ये, त्या दिवशीच्याच जखमांमुळे. पोलिसांनी दोष चाहत्यांवर ढकलला, 'द सन' या वर्तमानपत्राने तर मेलेल्यांच्या नावावर वाट्टेल ते छापलं. ही माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली आणि चाहत्यांचा दोष नव्हता, हे चौकशीतल्या ज्यूरीने सांगायला २०१६ साल उजाडलं. ते वर्तमानपत्र लिव्हरपूलमध्ये आजही कित्येक दुकानं ठेवत नाहीत. तुम्हीही हातात धरून फिरू नका. स्मारकावर बरीच नावं विशीच्या आतल्या पोरांची आहेत. तिथे सेल्फी काढणारे मी पाहिलेत. आपल्यापैकी कुणी नसावं.

आत गेल्यावरचं फार लिहीत नाही. सामना सुरू व्हायच्या जरा आधी 'यू विल नेव्हर वॉक अलोन' लागतं. मूळ १९४५च्या एका अमेरिकी संगीतिकेतलं, १९६३मध्ये लिव्हरपूलच्याच जेरी अँड द पेसमेकर्सनी गायलं आणि कॉपने उचललं. मफलर दोन्ही हातांनी वर धरायचा, म्हणजे फोन आपोआप खिशात राहतो.

पेठेतला_पोरगा

लय भारी लिवलंय ठाणेकर! वस्तीच्या मधोमध मैदान म्हटल्यावर आमचं शाहू स्टेडियमच डोळ्यापुढं आलं. आमच्यात पाटाकडील आणि खंडोबा तालमीची मॅच असली की पेठेत दुपारनंतर दुकानात माणूस सापडत न्हाई. लोकांस्नी वाटतंय फुटबॉल म्हंजे गोवा नाहीतर बंगाल. कोल्हापुरात वर्ल्ड कपला मेस्सी-रोनाल्डोचं कटआउट लागत्यात ते बघाय या एकदा.

एक शंका. तिकडं हलगी, ढोल वाजवू देत्यात का? आन् तिकिटाला खर्च किती?

ठाणेकर_लाल

@पेठेतला_पोरगा ढोल नाही. इंग्लंडमध्ये सगळा मामला घशाचा. कॉपमध्ये कुठूनतरी एक जण सुरू करतो आणि पाच सेकंदांत हजारो जण उचलतात. खेळाडूगणिक गाणं आणि तेही दर मोसमात नवं, त्यामुळे जायच्या आधी चार तरी पाठ करा, नाहीतर नुसते ओठ हलवत बसाल.

मोठ्यांचं साधं तिकीट ४० ते ६० पौंडांच्या घरात. खरा खर्च विमान, व्हिसा आणि सामन्याच्या रात्रीचं हॉटेल. त्या दिवशी शहरातले दर बघून मी मुकाट्याने मँचेस्टरला मुक्काम करतो.

स्पष्टवक्ता

लेख छान. पण लाख-दीड लाख घालवून ९० मिनिटं बघायची, त्यात गोल पलीकडच्या टोकाला झाला तर काही दिसणार नाही. घरी टीव्हीवर सहा कोनांतून दिसतो. हा खेळाचा शौक की तीर्थयात्रा?

पेठेतला_पोरगा

@स्पष्टवक्ता वारीला जाणाऱ्यास्नी पण इच्यारता का, फोटो घरात हाय की म्हणून?

मँचेस्टरचा_मराठी

आलो, आलो. बोलावणं आलं म्हणून आलो.

ठाणेकरांनी एक गोष्ट सोयीस्कररीत्या गाळलीय. ॲनफिल्ड मुळात एव्हर्टनचं मैदान! १८८४ ते १८९२ एव्हर्टन तिथे खेळलं आणि तिथेच १८९१मध्ये लीगही जिंकलं. जॉन हौल्डिंग नावाचा बिअरचा कारखानदार सगळा कारभार बघायचा. भाड्यावरून वाजलं, एव्हर्टनवाले स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसनला निघून गेले. हौल्डिंगच्या हातात मैदान उरलं आणि खेळायला संघ नाही. मग त्याने १८९२मध्ये नवा संघ काढला, तो लिव्हरपूल. म्हणजे रिकामी खोली भाड्याने जाईना म्हणून घरमालकाने स्वतःच संसार थाटला. :-)

(आता २०२५पासून एव्हर्टनही गुडिसन सोडून नदीकाठी ब्रॅम्ली-मूर डॉकच्या नव्या स्टेडियममध्ये गेलंय. पार्क ओलांडून दोन्ही मैदानं एकाच फेरीत बघायची मजा होती. गुडिसनवर आता त्यांच्या महिला संघाचे सामने होतात, तेवढ्यासाठी तरी जाऊन या.)

बाकी मी ॲनफिल्डला गेलोय, पाहुण्यांच्या कोपऱ्यात. तेही सांगतो. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा आहे, त्यामुळे स्वस्त. पण मिळणं दुरापास्त, कारण जे वर्षानुवर्षं बाहेरगावच्या सामन्यांना गेलेत त्यांचा नंबर आधी. आम्हाला ॲनफिल्ड रोडच्या टोकाला बसवतात, सुमारे तीन हजार लोक, आणि सुटल्यावर पोलिसांच्या रांगेतून बसपर्यंत. चढाओढ कडवी असते, पण एक पथ्य आहे: त्यांच्या हिल्सबरोवर आणि आमच्या म्युनिकवर (६ फेब्रुवारी १९५८ची विमान दुर्घटना, २३ माणसं गेली) गाणी नाहीत. काही मूर्ख दोन्हीकडे असतात. आता त्यावरून अटक आणि मैदानबंदी होते, बरंच झालं.

तुमची-आमची लीग विजेतेपदं सध्या २०-२० आहेत, हे सोडून आणखी काही कबूल करणार नाही.

ठाणेकर_लाल

@मँचेस्टरचा_मराठी "एक पथ्य आहे" याला माझा पूर्ण पाठिंबा. संसाराच्या उपमेला नाही.

जुने_दस्तऐवज

फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, पण धाग्यात कॉपचा उल्लेख आला म्हणून लिहितो. त्या स्टँडचं पूर्ण नाव स्पायन कॉप. दक्षिण आफ्रिकेतली टेकडी. बोअर युद्धात जानेवारी १९०० मध्ये तिथे इंग्रजांचा दारुण पराभव झाला आणि मेलेल्यांत लँकेशरच्या पलटणींचे पुष्कळ सैनिक होते. १९०६मध्ये ॲनफिल्डला मातीचा उंच उतार करून उभं राहायची जागा केली तेव्हा अर्नेस्ट एडवर्ड्स या लिव्हरपूलच्या क्रीडा पत्रकाराने तिला हे नाव सुचवलं.

आता आपला संबंध. त्या टेकडीवरून जखमी सैनिक स्ट्रेचरवर वाहून आणणाऱ्यांत तिथल्या नाताळ प्रांतातल्या भारतीयांचं रुग्णवाहक पथक होतं, सुमारे अकराशे माणसांचं. त्यात गिरमिटिया मजूर होते आणि पथक उभारलं होतं मोहनदास गांधी या तिशीतल्या बॅरिस्टरने. तेव्हा कॉपमध्ये उभं राहणाऱ्या भारतीयाने आपण कुठे पाहुणे आलोय असं समजायचं कारण नाही.

लिव्हरपूलचा आणखी एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. १८६१ ते ६५च्या अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस अडला आणि मुंबईहून लिव्हरपूलला जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडचा कापूस त्यातलाच. मुंबईत त्या पैशावर कंपन्या उगवल्या, युद्ध संपताच १८६५मध्ये बुडाल्या. लिव्हरपूलच्या गोद्या बघायला गेलात तर अल्बर्ट डॉकच्या गोदामांकडे या नजरेनेही बघा. तिथेच गुलामांच्या व्यापाराचं संग्रहालयही आहे, २०२५च्या सुरुवातीला ते नूतनीकरणासाठी बंद झालं; त्या शहराची श्रीमंती कुठून आली ते तिथे कळायचं.

अमरावतीची_आई

@जुने_दस्तऐवज म्हणजे माझ्या पणजोबांच्या पऱ्हाटीनं ती गोदामं भरली तर! आता मला तिकिटात सवलत मागायला हरकत नाही.

गंमत सोडा, खरंच माहिती हवी आहे. मुलगा बारा वर्षांचा आहे आणि लिव्हरपूलसाठी वेडा आहे. लीड्सला माझी बहीण असते, पुढच्या वर्षी तिच्याकडे जायचं ठरतंय. त्याला एक सामना दाखवायचा आहे. यजमानांना सुट्टी नाही, त्यामुळे मी आणि तो, दोघंच. काय काय विचारू? सुरक्षित आहे का? शिव्या फार असतात म्हणे. आणि आम्ही शाकाहारी. उपाशी राहावं लागेल का बाप्पा?

ठाणेकर_लाल

ताई, अगदी निर्धास्त जा. बायका-मुलं भरपूर असतात, आजी-नातू जोड्या तर कॉपमध्येही दिसतात.

पण मुलाला घेऊन कॉपचं तिकीट काढू नका. तिथे रेलिंगवाली आसनं आहेत आणि लोक पूर्ण सामना उभे असतात. बारा वर्षांच्या मुलाला समोरच्याच्या जॅकेटची पाठ दिसेल. मेन स्टँड किंवा केनी डॅल्ग्लिश स्टँड बघा. तिथून कॉप बाजूला दिसतो आणि ऐकूही येतो. कॉपमध्ये बसलं की कॉप दिसत नाही, हा एक तोटाच.

शिव्या असतात. रेफरीला जास्त. मुलगा इंग्रजी शाळेत असेल तर त्याला नवीन काही मिळणार नाही.

दारू पिऊन गोंधळ होईल अशी भीती असेल तर १९८५पासूनचा कायदा आहे, मैदान दिसेल अशा जागी पिता येत नाही. जे काय ते आतल्या पॅसेजमध्ये उभं राहून. खाण्याचं म्हणाल तर चिप्स सगळीकडे. शहरात बोल्ड स्ट्रीटवर भारतीय जेवण मिळतं, सामन्याआधी तिथे पोटभर खाऊन निघा. पिशवी लहानात लहान न्या, मोठ्या आत सोडत नाहीत. पॉवर बँक मात्र हवीच. तिकीट फोनवर आणि फोन बंद पडला की तुम्ही बाहेर.

मँचेस्टरचा_मराठी

ताईंसाठी आणखी एक. मुलाला निळा किंवा समोरच्या संघाच्या रंगाचा शर्ट घालू नका, यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्यांचे रंग दिसले की स्टुअर्ड येतात. आणि बाहेर अर्धा-अर्धा मफलर विकतात, एका बाजूला लिव्हरपूल, दुसऱ्या बाजूला समोरचा संघ. तो घेऊ नका. स्थानिक माणूस तोंडाने काही बोलणार नाही, पण मनातून तुमचं नाव कापेल.

यावरून थोडं कडू बोलतो. इथली माणसं तुमच्या-आमच्यासारख्या लांबून येणाऱ्यांना तोंडभर "वेलकम" म्हणतात, पण त्यांचं दुखणं वेगळं आहे. बापजाद्यांपासून जाणाऱ्या घरातल्या पोराला आता तिकीट मिळत नाही, कारण सीझन तिकिटाची प्रतीक्षा यादी संपतच नाही. उरलेल्या जागांवर जगभरचे सभासद अर्ज करतात. त्यात क्लबला बाहेरचा माणूस आवडतो: तो दुकानात शर्ट घेतो, टूर घेतो, संग्रहालय बघतो. शेजारच्या गल्लीतला माणूस तेच जुनं जॅकेट घालून येतो, गातो, घरी जातो.

स्पष्टवक्ता

म्हणजे मी म्हणत होतो तेच की. गेल्याने त्यांचंही नुकसान, आपलंही.

ठाणेकर_लाल

@स्पष्टवक्ता नाही, ते "तेच" नाही.

@मँचेस्टरचा_मराठी मुद्दा मान्य, पण दोष चाहत्याचा की किंमत ठरवणाऱ्याचा? फेब्रुवारी २०१६ आठवा. मालकांनी मेन स्टँडमधल्या सर्वांत महाग तिकिटाला ७७ पौंड लावायचं जाहीर केलं. संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होतं. बाहेर पडलेले रस्त्यावर पोचेपर्यंत संडरलंडने दोन गोल केले, सामना बरोबरीत. काही दिवसांत मालकांनी माफी मागून निर्णय फिरवला. २०२१च्या एप्रिलमध्ये सुपर लीगचं (युरोपातल्या बड्या क्लबांची वेगळी स्पर्धा) खूळ निघालं तेव्हाही मैदान कोविडमुळे रिकामं होतं, तरी कॉपचे झेंडे लावणाऱ्या गटाने आपले झेंडे काढून घेतो म्हणून सांगितलं. तीन दिवसांत सगळं बारगळलं.

हे लोक क्लबशी भांडतात म्हणून तिथे अजून माणसासारख्या किमती आहेत. आपण बाहेरून जाऊन ते भांडण मोडू नये, एवढं आपल्या हातात आहे. म्हणजे काळ्या बाजारात चारपट पैसे मोजू नयेत, कारण ते पैसे मोजणारा आहे म्हणूनच स्थानिकाचं तिकीट बाजारात येतं.

पेठेतला_पोरगा

हे पटलं. शाहू स्टेडियमला बाहेरचा प्रेक्षक आला तर आम्ही खूश होतो, पण तो मधी बसून नुसता व्हिडिओ काढाय लागला की मागनं आवाज येतोच, "ए, खाली बस!"

आमचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडनं खेळला तवा अख्खं कोल्हापूर टीव्हीसमोर हुतं. स्वतःच्या मातीतलं पोरगं खेळतंय म्हटल्यावर अंगावर काटा येतोय. त्या लिव्हरपूलच्या गल्लीतल्या पोरांचं तसंच असंल.

ठाणेकर_लाल

@पेठेतला_पोरगा तसंच आहे, आणि म्हणूनच मोडतंही तसंच. मैदानाजवळ सिबिल रोडच्या टोकाला भिंतभर ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डचं चित्र काढलं होतं, स्थानिक पोरगा मोठा झाला म्हणून. २०२५मध्ये तो रिआल माद्रिदला गेला. त्याच्या बाबतीत आता रांगेत विषय काढू नका, हातातला पाय थंड होईस्तोवर ऐकावं लागेल.

मडगावकर

वाचतोय, छान चाललंय. आमच्या गोंयात पोर्तुगालच्या खेळाडूंचे चाहते खूप, त्यामुळे लिव्हरपूलचा दियोगो जोटा गेला तेव्हा (३ जुलै २०२५, स्पेनमध्ये कार अपघात, सोबत भाऊही गेला) फातोर्ड्याच्या आमच्या मित्रमंडळात कोणाला काही सुचत नव्हतं. क्लबने त्याचा २० नंबर कायमचा काढून घेतला. नंतरच्या सामन्यांत २०व्या मिनिटाला त्याचं गाणं ऐकू येतं, टीव्हीवर अंगावर येतं. आत बसून कसं वाटतं? कोणी होतं का?

ठाणेकर_लाल

@मडगावकर होतो एकदा. खेळ चालूच असतो, कोणी थांबत नाही. कॉर्नर घ्यायचा असतो, रेफरीवर ओरडाआरडा चालू असते, आणि त्यातच ते गाणं वर येतं. पाहुण्या चाहत्यांनीही टाळ्या वाजवल्या. मिनिट संपलं की परत रेफरीवर. शोक असा कामात असतानाच करायचा, हे मला त्या गावाला शोभणारं वाटलं.

ऱ्हाइनकाठी

थोडा विषयांतराचा धोका पत्करून: हेच वातावरण कमी कटकटीत हवं असेल तर डॉर्टमुंडला या. ८१ हजारांचं मैदान, त्यातली दक्षिणेची पिवळी भिंत म्हणजे सुमारे २५ हजार लोक उभे. जर्मनीत उभं राहायची जागा अजून स्वस्त आहे आणि बिअर हातात घेऊन सामना बघता येतो. तिकडेही सामन्याआधी तेच गाणं गातात. १४ एप्रिल २०१६ला दोन्ही संघ ॲनफिल्डवर भेटले तेव्हा दोन्ही बाजूंनी एकदम गायलं. मग डॉर्टमुंड ३-१ ने पुढे असून लिव्हरपूलने ९१व्या मिनिटाला ४-३ केलं. आमच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी तो विषय काढायला बंदी होती.

पण "कमी कटकटीत" म्हणजे तिकीट सहज मिळतं असं नव्हे. तिथेही पिवळ्या भिंतीची सीझन तिकिटं लोक मृत्युपत्रात लिहून ठेवतील अशी स्थिती आहे.

अमरावतीची_आई

सगळ्यांचे आभार. मुलाला धागा वाचून दाखवला, बारा वर्षांच्या पोराने मला ४-३चे सगळे गोल मिनिटांसकट म्हणून दाखवले. गणिताचे पाढे मात्र येत नाहीत.

शेवटची शंका. सोडत लागलीच नाही तर? एवढ्या लांब जाऊन पोराला फाटकातून परत आणणं जिवावर येईल.

ठाणेकर_लाल

ताई, तुमच्यासाठी एक युक्ती. मार्च महिन्यात देशांच्या सामन्यांसाठी लीग थांबते, तेव्हा बहुतेक वर्षी ॲनफिल्डवर जुन्या खेळाडूंचा धर्मादाय सामना होतो. पैसे क्लबच्या संस्थेला जातात. तिकीट स्वस्त, मिळणं पुष्कळ सोपं, मैदान भरलेलं आणि कुटुंबंच जास्त. ढेरपोटे झालेले २००५चे वीर खेळतात. मुलाने ते यूट्यूबवर पाहिलेच असतील. शाळेची परीक्षा तेवढी बघा, मार्च आहे.

तेही नाही जमलं तर सामना नसलेल्या दिवशी टूर घ्या. मेन स्टँडच्या वरच्या मजल्यावरून अख्खं शहर दिसतं, ड्रेसिंग रूम, मग बोगदा आणि त्यावरची "धिस इज ॲनफिल्ड"ची पाटी. आधीचे व्यवस्थापक क्लॉप यांनी खेळाडूंना सांगितलं होतं, काहीतरी जिंकेपर्यंत तिला हात लावायचा नाही. टूरवाले मात्र सर्रास लावतात. संग्रहालयात सहाही युरोपियन कप ठेवलेत.

मँचेस्टरचा_मराठी

ताई, लीड्स ते लिव्हरपूल गाडी मँचेस्टरवरूनच जाते. येता-जाता आमच्याकडे उतरा, साबुदाण्याची खिचडी खायला घालतो. आणि मुलाला आमच्या मैदानाची, ओल्ड ट्रॅफर्डची टूर माझ्यातर्फे. अजून बाराच वर्षांचा आहे, सुधारायला वाव आहे.

ठाणेकर_लाल

ताई, खिचडी खा. टूरला नाही म्हणा.

अमरावतीची_आई

मुलगा म्हणतो, खिचडीलाही नाही म्हण. मी खाणार आहे.